समदं बरं हाये

महाराष्ट्रात घोडेगावं दोन तरी आहेतच. एक पुणे जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्याच्या कचेऱ्यांचं, भीमाशंकरच्या वाटेवरचं. दुसरं आमचं. नगरहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जाणाऱ्या रस्त्यावरचं. घोडेश्वरी देवीचं आणि शुक्रवारच्या जनावरांच्या बाजाराचं. परदेशातून कुणी नुसतं ‘घोडेगाव, महाराष्ट्र’ लिहिलं की पत्र आधी तिकडे जाऊन यायचं. म्हणून आमच्या घरी कुणाला पत्ता सांगायचा झाला तर ‘तालुका नेवासे’ हे दोनदा सांगत. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला आणि हा घोळ मिटला. टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो तयार केला. ते संस्कृतचे कवी होते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांच्या आकड्यांनी दोन्ही घोडेगावं वेगळी केली: तिकडचं 412 ने सुरू होतं, आमचं 414 ने.

त्या पत्रांविषयी लिहायचं मनात फार दिवसांपासून आहे. पण लिहायला बसलं की पत्रांआधी त्यांच्या मागेपुढे गेलेल्या वस्तूच आठवतात. आमच्या घरात ज्या बायकांपाशी सांगण्यासारखं सगळ्यात जास्त होतं, त्यांना लिहिता येत नव्हतं. पत्र दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यायचं, तिकडून आलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, तेही ओसरीवर चारजणांत. अशा पत्रात मनातलं काय घालणार? मनातलं त्या पुडीत बांधत, चिंध्यात शिवत. मी म्हणते ते खरं आहे की नाही हे पुढे वाचून तुम्हीच ठरवा.

परदेशात राहून घरी पत्रं लिहिणारी आमच्या पंचक्रोशीतली पहिली माणसं आमची नव्हती. ती अमेरिकेची होती आणि त्यांचा परदेश म्हणजे आमचा नेवासे तालुका. अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं ठाणं 1831 मधलं. 1857 च्या सुमारास सॅम्युएल फेअरबँक हे पाद्री आमच्या पुढच्याच वडाळ्याला, वडाळा बहिरोबाला, राहायला आले. कनेक्टिकटचा माणूस. धर्माचं काम करता करता पाखरं न्याहाळायचा. नगरच्या आसपासच्या पक्ष्यांची त्यांनी केलेली नोंद 1876 मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापून आली (ते नियतकालिक ए. ओ. ह्यूम यांचं, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते ते), आणि दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरात राहणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात फेअरबँक आजही आहेत.

त्या काळी शिडाचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून बोस्टनहून मुंबईला यायचं तर चार महिन्यांच्या वर लागत. पत्रालाही महिनोन्महिने लागत. तिकडे आई आजारी आहे हे इकडे कळेपर्यंत ती एकतर उठून कामाला लागलेली असायची, नाहीतर नसायचीच. 1869 ला सुएझचा कालवा झाला, 1878 ला दौंड–मनमाड रेल्वे नगरवरून गेली, मग टपालाला वेग आला. तरी मुलांचं दुःख राहिलंच. मिशनऱ्यांची मुलं शिकण्याच्या वयाची झाली की अमेरिकेला धाडत, आणि मग आईबाप वडाळ्याला नि लेकरं सातासमुद्रापार. कोडाईकनालला त्यांच्यासाठी शाळा निघाली ती 1901 मध्ये.

माझ्या पणजीचे मामा वडाळ्याच्या बंगल्यावर गाडीवान होते. नगरहून येणाऱ्या पेट्या तेच बैलगाडीतून आणत. पणजी सांगायची ती गोष्ट मामांनी सांगितलेली, आणि मी ती आजीच्या तोंडून ऐकली, म्हणजे तीन तोंडं फिरून आलेली. एकदा अमेरिकेहून पेटी आली. कपडे निघाले, पुस्तकं निघाली आणि तळाशी एक गोधडी. रंगीत चौकोन चौकोन जोडलेली, आणि प्रत्येक चौकोनावर शाईने काहीतरी लिहिलेलं. मडमबाईंनी ती अंगणात पसरली आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून त्या बोलू लागल्या. ही बहीण, ही शेजारीण, ही चर्चमधली. बघायला जमलेल्या बायकांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण काय चाललंय ते सगळ्यांना कळलं. मामांची बायको म्हणे पुढे झाली आणि तिने टाका हातात धरून पाहिला. “आपल्यावानीच हाय की गं.”

अमेरिकेत अशा गोधड्या करायची रीत खरोखरच होती. गाव सोडून दूर जाणाऱ्या माणसासाठी ओळखीच्या बायका एकेक तुकडा शिवत आणि त्यावर आपलं नाव लिहीत. मिशनऱ्यांना अशा पुष्कळ गेल्या.

पत्रांनी त्याहून मोठंही काम केलं. 1899-1900 चा दुष्काळ नगर जिल्ह्याने फार सोसला. इथल्या मिशनऱ्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांतून तो अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत पोचला, लोकांनी पैसे नि धान्य गोळा केलं आणि मे 1900 मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचं जहाज दोन लाख बुशेल मका घेऊन मुंबईकडे निघालं. नगरचे रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम मदतीच्या कामात पुढे होते; त्यासाठी त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळालं. पणजी तेव्हा परकरी पोर. बाजरीच्या मुलखातली ती, पिवळ्या पिठाची भाकर थापता येईना, फुटायची, म्हणून घाटा करून प्यायचे, एवढं तिला म्हातारपणीही आठवत होतं. कुणी पाठवला, का पाठवला, हे तिला माहीत नव्हतं. “कुणाच्या तरी पोटात तुटलं आसंल,” एवढंच म्हणायची.

पुढे आमचीच माणसं बाहेर जाऊ लागली, आणि ती पलटणीतून गेली. पहिल्या महायुद्धात भागातली पोरं बसऱ्याला गेली. 110 वी मराठा पलटण डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 कुतच्या वेढ्यात अडकली आणि शेवटी कैद झाली. त्या मंडळींच्या घरी काय पत्रं आली असतील, आली तरी असतील का, ते सांगणारं माणूस माझ्या लहानपणी उरलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाचं मात्र मी कानांनी ऐकलं आहे, कारण धाकटे आबा, आजोबांचे भाऊ, 1942 ला भरती झाले आणि इटलीपर्यंत जाऊन आले.

इटली हे नाव घरात युद्ध संपल्यावरच आलं. पत्रावर गाव नसायचं, फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असायचा. मजकूर आधी साहेब वाचणार, मग पाकीट बंद होणार. तेव्हा लिहिणार काय? ‘मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे, बैल विकू नये.’ दरमहा मनिऑर्डर यायची. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असे, पैसे देताना पोस्टमन ते फाडून घरच्यांना देई. त्या चार बोटांच्या कागदावर मजकुरालाही जागा असायची. आजोबांनी सगळी कुपनं सुतळीत ओवून ठेवली होती.

पत्र घेऊन पोस्टमन बहुधा शुक्रवारी गाठायचा. त्या दिवशी वाड्यावस्त्यांवरचं प्रत्येक घर बाजारात असतं, त्यालाही पायपीट नको. म्हशींच्या दावणीपाशी उभं राहून पत्र द्यायचा, आणि गुरुजी सापडले तर तिथेच वाचन. ऐकायला सगळा बाजार. धाकटी आजी, आबांची बायको, तेव्हा सतरा-अठराची, डोईवर पदर घेऊन मागे उभी. पत्र सासऱ्यांच्या नावे. त्यात तिचं नाव येणं शक्यच नव्हतं. ‘घरच्या मंडळींस आशीर्वाद’ यात ती जेवढी असेल तेवढी.

आबा गेले तेव्हा तिला दिवस गेलेले होते. मुलगा झाल्याचं सासऱ्यांनी कळवलं. ‘बाळ-बाळंतीण सुखरूप.’ पुढच्या पत्राच्या वेळी गुरुजी पाकीट चिकटवणार तेवढ्यात तिने सासूच्या हातात एक काळा दोरा दिला, हा आत घाला म्हणून. कशाला ते सांगितलं नाही. बाळाला उताणं निजवून टाळूपासून टाचेपर्यंत मोजून तोडलेला दोरा. पुढच्या वेळी पुन्हा, आता थोडा वाढलेला. पलटणीत साहेबाने आबांना बोलावून विचारलं, हे काय आहे? आबांनी सांगितलं. साहेबाने दोरा बोटाला गुंडाळून तसाच परत दिला. पुढे ज्या पत्रात दोरा नसे, ते वाचायची आबांना भीती वाटे. हे त्यांनीच मला सांगितलं, म्हातारपणी, ओट्यावर बसून. ते युद्धाविषयी फारसं बोलत नसत. इटलीत नदीकाठचा चिखल आपल्या प्रवरेच्या चिखलासारखाच पाय धरतो, एवढं एक सांगत. आणि संगमनेरजवळच्या निमजच्या नामदेव जाधवांचं नाव काढत. सेनिओ नदीवर 9 एप्रिल 1945 ला जाधवांनी जखमींना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून उचलून आणलं आणि मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशी गोष्ट कुठल्या पत्रात लिहिता येणार होती? ती घरी कळली ती पेपरात आल्यावर. जे परत आले नाहीत त्यांतल्या पुष्कळांचं तिकडेच दहन झालं. इटलीत फोर्लीला त्यांच्या नावांचं स्मारक आहे.

त्याच वर्षांत आमच्यापासून तासा-दीडतासाच्या वाटेवर, नगरच्या किल्ल्यात, काँग्रेसचे पुढारी स्थानबद्ध होते. नेहरू तिथे पुस्तक लिहीत होते हे सगळे सांगतात. मला मौलाना आझाद जास्त आठवतात. कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी होत्या. एप्रिल 1943 मध्ये त्या गेल्या आणि मौलानांना ते किल्ल्यात कळलं. त्या दिवसांत ते हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्यांना पत्रं लिहीत होते, आणि तेव्हा त्यांतलं एकही टपालात पडणार नव्हतं. सुटकेनंतर ती ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून पुस्तकरूपाने आली. लिहिता येणारा माणूस न पाठवता येणारी पत्रंसुद्धा लिहून ठेवू शकतो. धाकट्या आजीला तीही सोय नव्हती. तिच्यापाशी दोरा होता.

आबा 1946 ला परतले. मुलगा अंगणात उभा होता. त्यांनी त्याला उचलून घेण्याआधी उंचीचा अंदाज घेतला आणि म्हणाले, “शेवटच्या दोऱ्यापरीस चार बोटं वाढलाय.” गावात ही गोष्ट इतके जण सांगत की मी ती निरनिराळ्या तोंडांनी ऐकली. बोटं कुणी तीन सांगे, कुणी पाच.

आता माझ्या डोळ्यांदेखतचं. धाकटे काका पुण्याला इंजिनिअर झाले आणि 1970 मध्ये अमेरिकेला गेले. 1965 च्या कायद्याने तिकडचं दार आपल्याकडच्या शिकलेल्यांना उघडलं होतं. तेव्हा देशाबाहेर जाणाऱ्याला आठ डॉलर नेता येत. आठ डॉलर, दोन शर्टं, आईने दिलेली येसराची पुडी आणि घोडेश्वरीचा अंगारा घेऊन ते शिकागोकडे उतरले. आजीची पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत, पण अक्षर बरं होतं, आणि गुरुजींना सांगताना तिला जो संकोच वाटे तो माझ्यापाशी नव्हता. तरी काय सांगायची?

“लिव्ह. समदं बरं हाये म्हणावं.”

“आणि?”

“आणि काय? जेवत जा म्हणावं.”

मग मी शाळेत शिकवलेलं वर घालायचे. ‘श्री घोडेश्वरी प्रसन्न. चि. भाऊस अनेक आशीर्वाद. वि. वि.’ आणि खाली ‘क. लो. अ.’ एरोग्रामच्या निळ्या कागदात तरी केवढी जागा उरायची. त्यात दुसरं काही घालायला परवानगी नसे, म्हणून आत्यांची राखी वेगळ्या पाकिटातून जायची, आणि संक्रांतीचा हलवा चपट्या पुडीत, पोचेपर्यंत त्याची साखर झालेली.

खरी चिठ्ठी दिवाळीनंतर जायची. उन्हाळ्यात केलेल्या कुरडया, शेवया, सांडगे, येसर, मेतकूट. डबा, त्यावर मांजरपाट, दाभणाने घट्ट शिवण, जोडावर लाखेचे ठिपके. जहाजाने जाई, अडीच-तीन महिने लागत. प्रत्येक जिन्नस आजी आधी हातात घेऊन बसे. कुरडयांचा गहू कुठल्या वावरातला, येसर कुणी कुटला, हे सगळं काका चवीवरून ओळखत. एकदा त्यांनी लिहिलं, या वेळच्या सांडग्यांना वहिनीचा हात दिसत नाही, ती बरी आहे ना? माझी आई त्या उन्हाळ्यात खरंच अंथरुणावर होती, आणि पत्रात आम्ही ते एका शब्दानेही कळवलं नव्हतं.

1972 ला पाऊस आलाच नाही. त्याआधीची दोन वर्षंही खोटीच गेली होती. नगर जिल्ह्यात खडी फोडायची कामं निघाली. आमच्याकडचे लोक, जमीनवाले सुद्धा, पाटी-हातोडा घेऊन रस्त्यावर बसले. रेशनवर अमेरिकेचा मिलो, लाल ज्वारी, आणि शाळेत सुकडी. पणजी तेव्हा हयात होती. मिलोची भाकर तोडून तिने विचारलं, “पुन्यांदा त्याच लोकांनी धाडलं का?” दावणीतली जनावरं बाजारात गेली. म्हशींनी भरणाऱ्या त्या शुक्रवारी विकणारेच सगळे, घेणारा कुणी नाही, हे दृश्य मी पाहिलं आहे. आणि आजी म्हणाली, “लिव्ह. समदं बरं हाये.”

मी लिहिलं. पण त्या दिवाळीनंतर डबा गेला नाही. गहूच नव्हता, कुरडया कशाच्या करणार? आजीने त्याबद्दल एक अक्षर लिहू दिलं नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये काकांचं पत्र आलं, मला उद्देशून, पहिल्यांदाच. ‘आईला विचारू नकोस. किती जनावरं राहिली तेवढं कळव.’ सोबत बँकेचा ड्राफ्ट. दुष्काळाच्या बातम्या त्यांनी तिकडे वाचल्या असतीलच, पण त्यांना कळलं ते डबा न आल्यामुळे, असं ते आजही सांगतात. आजीला मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, “पोरगं हुशार हाये.” ड्राफ्टचं कडब्याला आणि विहिरीच्या गाळाला लागलं. एक म्हैस वाचली.

तिकडून येणाऱ्या वस्तूंचं फार काही सांगण्यासारखं नाही. नेलकटर, टॉर्च, थर्मास, नायलॉनची साडी. आजी ते सगळं कौतुकाने दाखवायची आणि ट्रंकेत ठेवून द्यायची. तिला हवा असायचा तो फोटो. फोटोतही ती काकांच्या चेहऱ्याआधी मनगट पाहायची, हाड दिसतंय का म्हणून.

काकांना मुलगी झाली ती 1975 मध्ये. बाळंतविडा न्यायला माणूस जाणार नव्हतं, तेव्हा आजीने तो टपालाने धाडला. कुंची, टोपडं, चांदीचे वाळे आणि एक गोधडी. गोधडीला तिने सगळा उन्हाळा घेतला. घराघरात फिरून तुकडे मागितले. कुणी जुनं लुगडं दिलं, कुणी खण, कुणी पटका. अशा तुकड्यांवर नाव लिहायची आपल्याकडे रीत नाही, आणि आजीला ते येतही नव्हतं. सोबतच्या पत्रात मी काय लिहिलं असेल ते तुम्हाला आता सांगायला नको.

ती मुलगी आता पन्नाशीची आहे. मराठी समजते, बोलताना अडखळते. गेल्या वर्षी आवराआवरीत तिला गोधडी सापडली. तिने फोनवर फोटो पाठवला आणि विचारलं, “ताई, हे तुकडे कुणाकुणाचे?”

मी तो फोटो मोठा छापून घेतला आणि गावी गेले. आजी नाही, धाकटी आजी नाही, आईही नाही. दोन आत्या आहेत, दोघी ऐंशीच्या पुढच्या. चष्मे पुसून त्या छापील गोधडीवर वाकल्या आणि बोट ठेवून बोलू लागल्या. हा जांभळा खण थोरलीच्या लग्नातला. ही पांढरी पट्टी आजोबांच्या धोतराची. हा लाल पटका वेशीजवळच्या चुलत्यांचा, त्यांच्या घराशी तेव्हा बोलणं बंद होतं, तरी आजीने जाऊन मागून आणला होता. ही लुगड्याची किनार पणजीची. मध्याजवळचा खाकी तुकडा धाकट्या आबांच्या लष्करी शर्टाचा, आणि त्याच्या कडेने काळ्या दोऱ्याचे टाके आहेत, बाकी सगळीकडे पांढऱ्या. तो तुकडा धाकट्या आजीने शिवला, मोठ्या आत्या म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाला तिनं हातच लावू दिला नाही.”

हे सगळं मी रांगेवार उतरवून घेतलं. एका कागदावर चौकोन आखले, प्रत्येकात नाव आणि नातं, खाली त्या माणसाविषयी दोन ओळी. फोनवर पाठवता आलं असतं, पण मी ते पाकिटात घालून टपालाने धाडलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जिल्हा अहिल्यानगर, आताच्या नावाने, आणि तालुका नेवासे. तिसऱ्या रांगेतल्या हिरव्या तुकड्याचा चौकोन मात्र रिकामा ठेवावा लागला. मोठ्या आत्या म्हणतात तो आईच्या बांगडीवालीचा, धाकट्या म्हणतात छे, ती बाई असला हिरवा नेसतच नव्हती, हा माझ्या सासूचा. दिवाळीत पुन्हा बसू, म्हणाल्या, तोवर कुणीच काही लिहू नका.